दोन सीटचं रेसिंग कॅबिनेट घरी बांधायचंय? आधी जिना मोजा

माझं पहिलं कॅबिनेट, म्हणजे गेम पार्लरमध्ये सीटवर बसून शर्यत खेळतात तसलं यंत्र, मी करवतीनं मधोमध कापलं. नाशिकच्या इंदिरानगरला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये महिनाभर खपून ते उभं केलं होतं. रंग झाला, दिवे लागले, शेजारची पोरं बसून गेली. मग दुसऱ्या मजल्यावर चढवायला घेतलं आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर ते असं अडकलं की वर जाईना आणि खालीही येईना. कठड्यावर वाकून एक काका "थोडं तिरकं घ्या, थोडं तिरकं" करत होते. तासाभरानं सुताराला फोन केला. त्यानं आधी कॅबिनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "साहेब, हे आधीच दोन करायचं होतं ना."

त्याचं खरं होतं. कापलेले दोन तुकडे वर गेले, बोल्टांनी जोडले आणि आधीपेक्षा घट्ट बसले. तेव्हापासून कुणी "मलाही बांधायचंय" म्हणालं की मी एवढंच सांगतो: दोन सीटचं कॅबिनेट ही एक मोठी पेटी नाही. ती शेजारी शेजारी उभी केलेली दोन सारखी यंत्रं आहेत. एका वायरीनं बोलणारी, चार बोल्टांनी धरलेली.

पार्लरमधली मोठी कॅबिनेटंही अशीच असत. नामको कंपनीच्या १९८७ च्या 'फायनल लॅप' या गेममध्ये दोन सीटचं एक याप्रमाणे चार कॅबिनेटं वायरीनं जोडता येत आणि आठ जण एकाच शर्यतीत धावत. प्रत्येकाचा पडदा वेगळा, स्टिअरिंग वेगळं, पेडल वेगळी. शेजाऱ्याचा कोपर लागतो, त्याच्या शिव्या ऐकू येतात, पण त्याचा रस्ता त्याच्यापुढे आणि आपला आपल्यापुढे. घरी हेच करायचं आहे.

मापं: घराची आधी, कॅबिनेटची नंतर

टेप घ्या आणि घराबाहेरून आत या. लिफ्टचं दार, जिन्याची रुंदी, वळणावरचा चौक, मुख्य दार, मग ज्या खोलीत ठेवायचं तिचं दार. दाराचं माप चौकटीचं घेऊ नका. दार पूर्ण उघडून जी मोकळी जागा उरते तिचं घ्या, कारण उघडलेली फळीसुद्धा इंच-दीड इंच खाते. सगळ्यांत लहान आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या आकड्याच्या ताब्यात आहे.

३२ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद असतो आणि कडा धरून तो ७३ च्या आसपास जातो. म्हणून एका बाजूची रुंदी ७५ धरा, दोन्ही मिळून १५०. लांबी, म्हणजे पडद्याच्या पाठीपासून सीटच्या पाठीपर्यंत, १७० सेंटिमीटरमध्ये बसते. हॉलच्या कोपऱ्यात हे जेमतेम मावतं, पण चढायला-उतरायला बाजूनं दीड फूट सोडावा लागतो. ही दीड फुटाची जागा सगळे विसरतात आणि मग सोफा हलतो. सोफा हलला की घरात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

७५ सेंटिमीटर रुंद वस्तू आतल्या खोलीच्या दारातून सरळ जात नाही. त्यामुळे प्रत्येक बाजूचे आणखी दोन तुकडे करायचे: पुढचा उभा भाग, ज्यात टीव्ही, स्टिअरिंग आणि कॉम्प्युटर, आणि मागची बैठक. उभा भाग ६० सेंटिमीटर खोल ठेवला की कुशीवर वळवून दारातून सहज निघतो. म्हणजे एकूण चार तुकडे. चौघे मित्र, एक रविवार सकाळ आणि नंतर मिसळ, एवढ्यात काम होतं.

विटा, पाट आणि इस्त्रीचं टेबल

प्लायला हात लावण्याआधी एक संध्याकाळ नुसती बसण्यात घालवा. ही पायरी मी अजिबात गाळू देणार नाही, कारण नवखे लोक इथेच चुकतात. कॉम्प्युटरवर सुंदर चित्र काढतात, मापं इंटरनेटवरून उचलतात आणि बांधून झाल्यावर कळतं की गुडघा स्टिअरिंगला आपटतोय.

सीट विटांवर ठेवा. स्टिअरिंग इस्त्रीच्या टेबलाला अडकवा, कारण त्याची उंची खालीवर करता येते. पेडल भिंतीला टेकवा, मागे पाट द्या. टीव्ही स्टुलावर. आता अर्धा तास खरोखर खेळा. दहा मिनिटांनी खांदे भरून आले तर स्टिअरिंग उंच आहे. पोटरी दुखली तर पेडल जास्त उभी आहेत. मान मागे पडत असेल तर पडदा खाली घ्या.

माझी उंची पाच फूट सात इंच. माझ्यासाठी सीटची पुढची कड जमिनीपासून २६ सेंटिमीटर, स्टिअरिंगचा मध्य ६६ आणि पडद्याचा मध्य साधारण १०० सेंटिमीटरवर जमला. डोळ्यांपासून पडदा ८० सेंटिमीटर. हे आकडे सुरुवातीला घ्या, पण शेवटचे तुमच्या शरीराचेच ठेवा. घरात अकरा वर्षांचं पोर आणि सहा फुटी मामा दोघंही बसणार असतील तर फक्त एकच गोष्ट हलती ठेवा: सीट. स्टिअरिंग हलतं, पेडल हलती, पडदा हलता असं सगळं करायला गेलात तर शेवटी सगळंच डुगडुगतं.

सीट

गाडीची जुनी सीट घ्या. ऑफिसची खुर्ची नको, ती ब्रेक मारला की मागे सरकते. मारुती ८०० किंवा जुन्या अल्टोची पुढची सीट या कामाला उत्तम. हलकी असते, अरुंद असते आणि खाली रनर असतो, म्हणजे पुढेमागे सरकायची सोय फुकटात मिळते. नाशकात भंगारवाल्यांना आणि जुन्या गाड्या तोडणाऱ्या गॅरेजवाल्यांना विचारत फिरा. एका दिवसात मिळाली नाही तर फोन नंबर देऊन या. जोडी एकाच गाडीची मागा. डाव्या आणि उजव्या सीटची रनरची कांडी वेगवेगळ्या बाजूला असते, ती आपल्याला बाहेरच्या बाजूला हवी. मध्ये आली तर दोन सीटच्या फटीत हात जात नाही.

एक सावधगिरी. अलीकडच्या काही गाड्यांच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते. पाठीच्या बाजूला तसं लेबल असतं, खालून पिवळ्या वेष्टनाची वायर लोंबते. अशी सीट कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. आत स्फोटक भरलेलं असतं आणि ते काढणं आपलं काम नाही. ताण घेणारे सीटबेल्टचे हुकही तसलेच, त्यांनाही हात लावू नका.

सीट घरी आणली की आधी उन्हात दोन दिवस. मग खालच्या चार भोकांचं माप घेण्यासाठी पुठ्ठ्यावर सीट ठेवून पेन्सिलनं छाप काढा. दोन सारख्या दिसणाऱ्या सीटचीसुद्धा भोकं तंतोतंत जुळतीलच असं नाही. रनर वाकलेला असेल तर हा पुठ्ठा लगेच चुगली करतो.

सांगाडा

बैठकीचं आणि पेडलचं काम लोखंडातच करा. नुसत्या प्लायचं कॅबिनेट सुरुवातीला छान दिसतं, पण माणूस ब्रेक मारताना पाठ सीटला रेटतो आणि पाय पेडलला. हा रेटा सीट आणि पेडल एकमेकांपासून दूर ढकलायला बघतो. म्हणून सीट आणि पेडल एकाच लोखंडी चौकटीवर हवेत. मग रेटा चौकटीतल्या चौकटीत जिरतो आणि प्लायला फक्त टीव्ही धरायचं काम उरतं.

४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरे. मीटरला सुमारे २.४ किलो वजन भरतं आणि बाजारात तो वीस फुटी नगात येतो. एका बाजूला एक आख्खा नग आणि थोडा तुकडा लागतो. जमिनीवर दोन लांब पाइप, मध्ये तीन आडवे, पुढे पेडलसाठी तिरपी चौकट. पेडलच्या पाट्याला १५ ते २० अंशांचा उतार द्या आणि टाचेखाली चेकर्ड प्लेटचा तुकडा लावा. मुलं अनवाणी खेळतात, प्लायचा कोपरा टाचेला सोलतो.

सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपला हे अर्ध्या दिवसाचं काम. जाताना कागदावर मिलिमीटरमध्ये चित्र न्या. तोंडी सांगितलेलं वेल्डिंग तोंडीच राहतं. तिथली साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरून चालू नका, आधी फोन करा. आमच्या मजल्यावरचे एक काका मायको (आताची बॉश) कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांनी माझी पहिली चौकट पाहिली, कर्णावर टेप लावला, दुसऱ्या कर्णावर लावला आणि न बोलता मला टेप दाखवला. नऊ मिलिमीटरचा फरक. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात. हे वर्कशॉपमध्येच, टाके पक्के व्हायच्या आत तपासा. नंतर फक्त कटर उरतो.

दोन चौकटी शेजारी ठेवून शिकंज्यात धरा आणि जोडायची भोकं दोन्हींतून एकदमच पाडा. ८ एमएमचे चार बोल्ट, मोठे वायसर, मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी. ट्यूब कशाला? एका खेळाडूनं आपटलेलं पेडल दुसऱ्याच्या सीटला जाणवू नये म्हणून. पाइप पोकळ असल्यानं बोल्ट आवळला की पाइप चेपतो, म्हणून आत नळीचा तुकडा वेल्ड करून घ्या. रेडऑक्साइड आणि वर काळा रंग, किंवा खिसा बरा असेल तर पावडर कोटिंग. चौकटीचे पाय मात्र उंच ठेवा. खालून फरशी पुसायचं फडकं गेलं पाहिजे, नाहीतर कॅबिनेट घरात टिकत नाही. हे मी यंत्रशास्त्र म्हणून सांगत नाहीये.

स्टिअरिंग आणि पेडल

सगळ्यांत जास्त पैसे इथे जातात आणि जावेतही. तयार स्टिअरिंगचे ढोबळ दोन प्रकार. स्वस्तातली स्प्रिंगवर मध्यावर येतात, हाताला फक्त रबर ओढल्यासारखं वाटतं. महाग असतात त्यांत मोटर असते आणि गाडी घसरली की स्टिअरिंग हातात ओढ देतं. लॉजिटेक जी-२९, थ्रस्टमास्टर टी-१५० ही त्या वर्गातली. दोन घ्यायची तर एकाच मॉडेलची घ्या. एकाला भारी आणि दुसऱ्याला साधं दिलं तर हरणारा रोज तेच कारण सांगेल.

जी-२९ ९०० अंश फिरतं, म्हणजे खऱ्या गाडीसारखं अडीच वेढे. पार्लरच्या गेमना एवढं फिरवणं सोसत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते २७० अंशांवर आणा, एकदम पार्लरची आठवण येईल. टेबलाला अडकवायचे क्लॅम्प इथे वापरू नका, दोन आठवड्यांत ढिले पडतात. बहुतेक स्टिअरिंगच्या तळाला बोल्टची भोकं असतात. १८ मिलिमीटर प्लायच्या फळीतून बोल्ट घ्या आणि फळीखाली आडवे दोन लोखंडी एंगल द्या.

स्टिअरिंग स्वतः बनवायचा किडा असेल तर आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो बोर्ड घ्या. यांना कॉम्प्युटर थेट जॉयस्टिक म्हणून ओळखतो. साधा ऊनो घेतलात तर हे सरळ जमत नाही आणि दुकानदार हमखास ऊनोच पुढे करतो. स्टिअरिंगच्या दांड्याला १० के-चा लिनिअर पोटेन्शिओमीटर (दांडा किती फिरला ते सांगणारा भाग), दोन पेडलना आणखी दोन. बोर्ड त्यांची स्थिती ० ते १०२३ आकड्यांत वाचतो. खरी अडचण इलेक्ट्रॉनिक्सची नसून लोखंडाची आहे. स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवल्यावर ते कुठेतरी थांबलं पाहिजे आणि ते थांबवणं पोटेन्शिओमीटरच्या जिवावर सोडलं तर पहिल्याच रविवारी त्याचं आतलं टोक मोडतं. दांड्याला वेल्ड केलेली खुंटी आणि ती अडवणारे रबर लावलेले दोन ठोकळे हवेत. सवयीचा हात नसेल तर पहिल्या कॅबिनेटला तयार स्टिअरिंगच घ्या असं माझं मत.

प्लाय, सुतार आणि सूत

वर्कशॉपला मिलिमीटर सांगितले, पण सुताराला फूट, इंच आणि सुतातच सांगा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. मी सगळं सेंटिमीटरमध्ये लिहून दिलं होतं. त्यानं मनातल्या मनात इंचात आणलं आणि टीव्हीची खाच एका सुतानं लहान झाली. एका सुतासाठी टीव्ही परत काढून रंधा मारावा लागला.

१८ मिलिमीटरचा एमआर ग्रेड प्लाय पुरेसा आहे, किचन ट्रॉलीला वापरतात तो पाण्यात टिकणारा महागडा प्लाय इथे नको. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली शीट) गुळगुळीत असतं, त्यावर स्टिकर छान बसतो, पण ८ बाय ४ ची १८ मिलिमीटरची एक शीट जवळपास ४० किलो भरते, कडेतून मारलेला स्क्रू फुटतो आणि खालची कड ओल्या फडक्यानं फुगते. मी बाजूच्या फळ्या प्लायच्या आणि फक्त समोरचा डॅशबोर्ड एमडीएफचा केला. बाजूच्या चार फळ्या ६० बाय १८० च्या धरल्या तर एका शीटमधून दोन निघतात. कापणीत करवत ३ मिलिमीटर खाते हे धरूनही निघतात. तिसऱ्या शीटमध्ये टप्पे, डॅशबोर्ड आणि माथ्याची पेटी. पाठीला ६ मिलिमीटरचा प्लाय, तोही स्क्रूवर. खिळे मारू देऊ नका, पाठ शंभर वेळा उघडावी लागते.

बाजूच्या फळीचा आकार आधी पुठ्ठ्यावर काढून उभा करा, लांबून पाहा. वळणं आवडली की एक फळी कापा आणि बाकीच्या तिच्यावर ठेवून राउटरनं (लाकूड कोरायच्या मशिननं) तशाच काढा.

रंगाची घाई पावसाळ्यात करू नका. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत ड्युको मारला की त्यावर पांढुरका धुरकट थर धरतो आणि पुन्हा घासावं लागतं. सांगाडा आणि कापणी पावसात उरका, रंग दसऱ्यानंतर. रंगाचा कंटाळा असेल तर सनमायका चिकटवून मोकळे व्हा.

कॉम्प्युटर: एक की दोन

एका दणकट कॉम्प्युटरला दोन टीव्ही जोडता येतात आणि पैसेही वाचतात. तरी मी दोन घ्या म्हणेन. एकाच कॉम्प्युटरला एकाच मॉडेलची दोन स्टिअरिंग लावली की बंद-चालू केल्यावर कधी पहिलं दुसरं होतं, कधी दुसरं पहिलं. डावीकडचा फिरवतोय आणि उजवीकडची गाडी वळतेय. पाहुण्यांसमोर हे एकदा झालं की पुरे. शिवाय अनेक गेमना एका कॉम्प्युटरवर दोन खेळाडू चालतच नाहीत, नेटवर्कवर मात्र चालतात.

ऑफिसातून निघालेले जुने कॉम्प्युटर एमजी रोडच्या बाजूला किंवा कुठल्याही रिफर्बिश्ड दुकानात मिळतात. चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. त्यात जीटीएक्स १०५० टीआयसारखं ग्राफिक्स कार्ड. ते ७५ वॅटमध्ये भागवतं, त्यामुळे बहुतेक मॉडेलना वेगळी वीजजोड लागत नाही आणि जुन्या पॉवर सप्लायवर चालून जातं. डबा बारका असेल तर कार्ड लो-प्रोफाइल, म्हणजे बुटकं, मागा, नाहीतर झाकण बसत नाही.

दोन्हींच्या मध्ये एकच लॅन केबल. राउटर, इंटरनेट काही नको. एकाला १९२.१६८.१०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.१०.२ असा कायमचा पत्ता द्या, सबनेट २५५.२५५.२५५.०. एवढं करूनही एकमेकांना दिसले नाहीत तर दहातल्या नऊ वेळा विंडोजची फायरवॉल आडवी आलेली असते. नेटवर्क 'पब्लिक'वरून 'प्रायव्हेट'वर आणा.

गेम कोणता? सुरुवात सुपरटक्सकार्टनं करा. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, जुन्या कॉम्प्युटरवर पळतो आणि लॅनवर खेळता येतो. लहान मुलं यावरच रमतात. मोठ्यांना खऱ्या गाडीची चव हवी असेल तर २०१४ चा असेट्टो कोर्सा. दोघांनी एकाच वेळी खेळायचं तर त्याच्या दोन प्रती विकत घ्याव्या लागतात, हा खर्च धरून चाला. पार्लरच्या जुन्या गेमच्या फायली इकडून तिकडून उतरवणं कायद्यात बसत नाही, गेम कितीही जुना असला तरी. त्यामुळे त्याच्या युक्त्या इथे मिळणार नाहीत.

वीज

सांगाडा लोखंडी, आत चार-पाच अडॅप्टर आणि वर अनवाणी मुलं. इथे काटकसर नको.

लोडचं गणित सोपं आहे. दोन टीव्ही शंभर वॅटच्या आत, दोन कॉम्प्युटर प्रत्येकी दीड-दोनशे, बाकी दिवे, पंखे आणि स्टिअरिंगचे अडॅप्टर. सगळं मिळून सहाशेच्या आसपास, म्हणजे तीन अँपिअरच्या आत. ६ अँपिअरच्या एका सॉकेटवर हे सुखानं चालतं. खरा प्रश्न अर्थिंगचा. सांगाड्याला, दोन्ही चौकटींना वेगवेगळी, हिरवी वायर रिंग लगनं बोल्टखाली घट्ट करा आणि ती थेट मुख्य प्लगच्या अर्थला न्या. रंगावर वायर टेकवून उपयोग नाही, बोल्टखालचा रंग खरवडा. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे वायर नसते. इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या आणि जमल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. सांगाड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर प्लग काढा, मगच विचार करा.

आत सर्ज प्रोटेक्टरवाला एकच पट्टा, बाहेर एकच स्विच. दोन्ही कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, ती लावा. विंडोजला पासवर्ड नको आणि गेमचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका. आता स्विच दाबला की दोन्ही बाजू एकदम जाग्या होतात, की-बोर्डला हात लागत नाही. बंद मात्र स्विचनं करायचं नाही. डॅशबोर्डच्या खाली एक लपवलेलं बटण कॉम्प्युटरच्या पॉवर बटणाच्या तारांना जोडा, ते दाबून आधी कॉम्प्युटर नीट बंद करा.

मे महिन्यात नाशिकची दुपार चाळिशीला टेकते. पाठीला वर १२० मिलिमीटरचा पंखा बाहेर फेकणारा आणि खाली हवा आत घ्यायला जाळी. जाळी बारीक घ्या. माझ्या एका पॉवर सप्लायचा घास पालीनं घेतला. म्हणजे तिनं घेतला की पॉवर सप्लायनं तिचा, ते दोघांनाही विचारायची सोय राहिली नाही.

आवाज आणि झगमगाट

डोक्यामागे दोन चार-इंची कार स्पीकर आणि १२ व्होल्टचा छोटा अँप्लिफायर. सबवूफर सीटखाली छान वाटतो, पण खालच्या मजल्यावर तो तुमच्यापेक्षा जास्त ऐकू येतो. पायांखाली जाड रबराच्या चकत्या द्या आणि रात्री दहानंतर वूफरचं बटण बंद.

माथ्याच्या पाटीसाठी ३ मिलिमीटरचं दुधी अॅक्रिलिक, मागे एलईडी पट्टी. साध्या पट्टीचे पाच मीटर १२ व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर घेतात, म्हणून ५ अँपिअरचा एसएमपीएस (१२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) निवांत पुरतो. बाजूचे स्टिकर कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे छापतात. फ्लेक्स नको, लॅमिनेशन केलेलं व्हाइनिल मागा, आणि निवडणुकीचे किंवा वाढदिवसाच्या बॅनरचे दिवस सोडून जा. चिकटवताना साबणाचं पाणी शिंपडा, मग हवेचे फुगे बाहेर सरकतात. ही ओल लॅमिनेट किंवा पक्क्या रंगावरच चालते, उघड्या एमडीएफवर नाही.

नाण्याची पेटी बसवायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला. नाणं ओळखणारं यंत्र १२ व्होल्टवर चालतं, त्याला नमुन्याची नाणी शिकवावी लागतात. आपल्याकडे पाच रुपयांचीच नाणी इतक्या जाडी-वजनांची आहेत की ते बिचारं गोंधळतं. एकाच प्रकारची पंधरा-वीस नाणी वेगळी काढा, डब्यात ठेवा आणि तीच फिरवा. पुतण्याला ती खर्च करू देऊ नका.

पहिल्या शर्यतीआधी

चारही तुकडे खोलीत आणल्यावर आधी चौकटी जोडा, पाणसळ लावून पायांचे स्क्रू खालीवर करा, मगच उभे भाग बसवा. उलटं केलं तर प्लाय ओढला जाऊन टीव्हीची खाच तिरकी होते. उभा भाग मागे भिंतीला एका एल-पट्टीनं धरून ठेवा. मूल डॅशबोर्डवर चढतंच. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना सारख्या रंगाची टेप लावा, डाव्या बाजूला लाल, उजवीला निळी. तुकडे वेगळे करताना याचं मोल कळतं.

मग दोन जाड माणसं बसवा. लाजू नका, तुमच्या ओळखीत असतीलच. दोघांना एकदम ब्रेक मारायला सांगा आणि तुम्ही जमिनीवर आडवे पडून खालून बघा. पाय उचलतोय का, बोल्ट कुरकुरतोय का, वायर रनरमध्ये चेंगरतेय का. माझ्याकडे डाव्या सीटच्या रनरनं अर्थची वायर अर्धी कापली होती. वरून काहीच दिसत नव्हतं.

८ एमएमच्या बोल्टला १३ चा पाना लागतो. एक पाना दोरीनं पाठीच्या आत टांगून ठेवा. महिनाभरानं प्लाय बसतो, रबर दबतं आणि सगळे बोल्ट अर्धा फेरा घेतात.